डावरीच्या रेघा

डावरीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाणी भरणं, सासूचा चहा, नवऱ्याचा आणि स्वतःचा डबा, एवढं उरकून उजाडायच्या आधी ती कामावर हजर. आम्ही गवंडी नंतर यायचो. तोवर तिनं चुना मळलेला असायचा. चुना रात्रभर ओल्या पोत्याखाली झाकून ठेवतात आणि सकाळी तो घट्ट बसलेला असतो. लाकडी दांडक्यानं ठोकून ठोकून त्याचं लोणी करावं लागतं. वरून पाणी ओतलं की काम सोपं होतं, पण तसा चुना भिंतीवर गेल्यावर तडकतो. डावरीनं कधी पाणी ओतलं नाही. ती ठोकत राहायची.

डावरी हे नाव आमच्या टोळीनं ठेवलेलं. ती डाव्या हातानं काम करायची. तिचा नवरा आमचा मिस्त्री, मला मोठ्या भावासारखा, म्हणून मी तिला वहिनी म्हणायचो आणि ती मला भावजी. पण माझ्याही मनात ती डावरीच होती.

टेकडीवरच्या जुन्या वस्तीत आमचं काम दर्जा भरण्याचं. दगडी भिंतीत दोन दगडांमधली फट चुन्यानं भरायची आणि वरून चिंचोळ्या थापीनं रेघ ओढायची, त्याला दर्जा म्हणतात. रेघ एका दमात ओढावी लागते. मध्ये थांबलात तर तिथे सांधा दिसतो, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं. घाईच्या माणसाचं हे काम नाही आणि आळशाचं तर नाहीच.

मिस्त्रीचा उजवा खांदा परांचीवरून पडून निखळला. बरा झाला, पण हात छातीच्या वर जाईना. मग छातीच्या वरचा दर्जा डावरी भरायला लागली. चुना मळायचा, पाट्या वाहायच्या, आणि वर चढून रेघाही ओढायच्या. हळूहळू छातीच्या खालचाही तीच भरायला लागली. मिस्त्री खाली उभा राहून सांगायचा, "अगं, जरा दाबून." ती वरून म्हणायची, "तुम्ही तेवढी शिडी दाबून धरा."

कंत्राटदाराच्या हजेरीत मात्र मिस्त्री तो आणि बिगारी ती. पैसे एकाच घरात जात होते, त्यामुळे कोणी तक्रार केली नाही. पुढे मिस्त्रीला दमा लागला आणि तो घरी बसला. डावरी एकटी येत राहिली. काम मिस्त्रीचं, मजुरी बिगाऱ्याची. मग कंत्राटदारानंच गाशा गुंडाळला.

त्याच सुमारास जुन्या वस्तीच्या दुरुस्तीसाठी एक कचेरी निघाली. कायमच्या जागा, महिन्याचा पगार. डावरी गेली. कारकून म्हणाला, "बिगारीची जागा आहे बाई, सोमवारपासून या."

"मला दर्जा भरायचाय. मिस्त्रीची जागा."

"त्याला दहा वर्षं टिकलेलं स्वतःचं काम दाखवावं लागतं."

"चला दाखवते. मागच्याच गल्लीत आहे."

"समिती गल्लीत येत नाही. फोटो आणा. परवा मुलाखत आहे."

ती परत आली तेव्हा मी तिच्या घरी मिस्त्रीजवळ बसलो होतो. तिनं सगळं सांगितलं आणि खाली बसून गुडघे चोळायला लागली. वय पन्नाशीला टेकलेलं. डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन चढण्याचे दिवस तिचे संपत आले होते. मिस्त्रीची जागा मिळाली तर हातात थापी. नाही तर म्हातारपणापर्यंत पाटी. यापेक्षा सोपं सांगता येणार नाही.

मी म्हणालो, "मी येतो की सांगायला. भिंती तुमच्याच आहेत म्हणून, वहिनी."

मिस्त्री म्हणाला, "तू तिचा दीर, मी तिचा नवरा. आपलं कोण ऐकणार? म्हणतील, घरचेच साक्षीदार." मग तो थोडा वेळ खोकला आणि म्हणाला, "शेपट्या दाखव, अगं."

ते बरोबर होतं. उजव्या हाताचा माणूस रेघ डावीकडून उजवीकडे ओढतो. शेवटी थापी उचलतो तिथे चुन्याची बारीकशी शेपटी राहते. डावरीची रेघ उलट्या दिशेनं जायची, त्यामुळे तिची शेपटी डावीकडे. आमच्या टोळीत दुसरं डावखुरं कोणी नव्हतं. आणि त्या वस्तीत दर्जाचं काम आमच्या टोळीशिवाय कोणी केलं नव्हतं.

कोपऱ्यावर एक स्टुडिओवाला होता. लग्नाचे फोटो काढायचा. त्यानं आपला जुना कॅमेरा दिला, आत रोल भरून दिला आणि समजावलं, "ऊन पाठीशी घ्यायचं. भिंतीसमोर नीट सरळ उभं राहायचं. श्वास रोखायचा आणि दाबायचं. संध्याकाळी रोल आणून द्या, सकाळी फोटो देतो."

डावरीनं ते तीनदा म्हणून घेतलं. आमच्या धंद्यात उस्तादानं सांगितलं ते तसंच करायचं असतं. का म्हणून विचारायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. माझ्या खांद्यावर शिडी, तिच्या गळ्यात कॅमेरा. दारात सासू बसली होती.

"फोटो काढायला निघाली! आधी त्या करपलेल्या पातेल्याचा काढ."

"काढते. खाली तुमचं नाव घालते," डावरी म्हणाली.

पहिली भिंत मुलींच्या शाळेची. ऊन पाठीशी घेतलं, सरळ उभी राहिली, श्वास रोखला, दाबलं. एक अडचण लगेच कळली. कॅमेऱ्याचं बटण उजव्या बाजूला. तिचा उजवा हात थरथरायचा, त्याला बारीक कामाची सवयच नव्हती. तिनं कॅमेरा उलटा केला. आता बटण डाव्या हाताखाली आलं. "खालचं वर झालं तर झालं," ती म्हणाली. "फोटो फिरवून बघतील."

दुसरी भिंत जुन्या तबेल्याची. तिसरी छापखान्याची मागची. तिथे तिनं फोटो काढला, कॅमेरा खाली घेतला आणि भिंतीकडे नुसती बघत राहिली.

"भावजी, तुम्हाला शेपट्या दिसतायत?"

मी बघितलं. भिंत उन्हात लख्ख दिसत होती. दगड दिसत होते, रेघा दिसत होत्या. शेपटी एकही दिसत नव्हती.

"नाही," मी म्हणालो.

"मग कॅमेऱ्याला कशा दिसतील?"

हे आम्हाला कळायला हवं होतं. गिलावा झाला की आम्ही स्वतः काय करतो? दिवा भिंतीला चिकटवून धरतो, उजेड भिंतीवरून घासत जातो आणि फुगीर, खोलगट सगळं उघडं पडतं. समोरून दिवा धरला तर वाकडी भिंतही सपाट दिसते. रोजचं आहे हे. पण उस्तादानं सांगितलं ऊन पाठीशी, म्हणून आम्ही तीन भिंती पाठीशी ऊन घेऊन काढल्या.

"त्यानं असं का सांगितलं असेल?" मी विचारलं.

"तो नवरीचे फोटो काढतो ना. नवरीच्या गालावरचे खड्डे दिसू नयेत म्हणून ऊन समोरून टाकतो. आपल्याला खड्डेच दाखवायचेत."

मग तिनं बेत बदलला. प्रत्येक भिंत ऊन तिच्यावरून घासत जाईल तेव्हा काढायची. आणि कुठल्या भिंतीवर ऊन कधी तिरपं येतं हे तिला पाठ होतं. ताजा दर्जा उन्हात तडकतो. म्हणून ऊन यायच्या आधी भिंतीवर ओली पोती टांगायची असतात आणि ते काम बिगाऱ्याचं. इतकी वर्षं ती त्या वस्तीत उन्हाच्या पुढे पुढे धावली होती.

त्यामुळे रस्ता असा झाला की कोणी पाहिलं असतं तर आम्हाला वेडे ठरवलं असतं. शाळेची भिंत आता साडेदहाला, म्हणून परत वर. तिथून खाली तबेला. तिथलं ऊन आधीच निसटलं होतं, ते आता दुपारी पलीकडच्या बाजूनं येणार. म्हणून आधी घड्याळाच्या मनोऱ्याचा पाया. मग पुन्हा वर, विहिरीचा कठडा. गल्ल्या अरुंद, पायऱ्या झिजलेल्या, शिडी लांब. वळणावर शिडीचं पुढचं टोक एका गल्लीत आणि मागचं दुसरीत. एका खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "अहो, ती शिडी माझ्या घरातून नेताय का?" शिडी वाहणं हे साधं काम वाटतं. एकदा वाहून बघावी.

प्रत्येक भिंतीपाशी डावरी सारखंच करायची. आधी तळहात लावायची. मग गाल भिंतीला टेकवून एका डोळ्यानं लांबवर बघायची. मग थांबायची. ऊन दगडाच्या कडेला लागलं की रेघांना सावली फुटायला लागायची, आधी पुसट, मग काळी. शेपट्या वर यायच्या. "आल्या," ती म्हणायची आणि दाबायची. तेवढ्यात ऊन पुढे सरकायचं. एकदा आम्ही उशिरा पोचलो, अगदी थोडक्यात. तिनं कॅमेरा उचललासुद्धा नाही. "गेली ही भिंत," म्हणाली आणि चालू लागली. रोल वाया घालवायची तिची तयारी नव्हती.

दुपारी तबेल्याच्या सावलीत पाव खाताना तिनं खरी गोष्ट सांगितली. "भावजी, या सगळ्या भिंती आठ-नऊ वर्षांच्या. दहाच्या वरची एकच आहे."

मला ती माहीत होती. धान्यकोठाराची मागची भिंत. वस्तीतली सगळ्यात उंच. मिस्त्री पडला त्यानंतरचं तिचं पहिलं मोठं काम. त्या भिंतीवर तिनं सबंध हिवाळा काढला होता.

"मग आधी तिकडेच जाऊ की."

"कशाला? तिचं तोंड उत्तरेला. तिच्यावर ऊन पडतच नाही. पोती टांगावी लागली नाहीत अशी ती एकच."

म्हणून ती सकाळपासून त्या भिंतीचं नाव काढत नव्हती.

तरी आम्ही गेलो. कोठाराच्या मागची गल्ली अंधारी, ओलसर. भिंत वरपर्यंत राखाडी. रेघा होत्या, पण उजेड सगळीकडून सारखा, त्यात कशालाच सावली नाही. डावरीनं गाल टेकवून पाहिलं. मग शिडी लावून वर चढून पाहिलं. खाली उतरली आणि भिंतीला पाठ लावून बसली. तिला असं बसलेलं मी कामावर कधी पाहिलं नव्हतं.

गल्लीच्या टोकाला चौक होता. चौकात ऊन होतं, भरपूर. कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान. न्हावी उस्तरा पुसत बाहेर आला, दुकानाचं दार हललं आणि दारावरच्या छोट्या आरशातून एक कवडसा गल्लीत धावत आला, भिंतीवरून सरकला आणि नाहीसा झाला.

डावरी उठली. सरळ चौकात गेली.

"दादा, तुमचा मोठा आरसा द्या जरा."

न्हाव्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं. "भिंतीची दाढी करायचीय का?"

"हो. पण तुमच्यासारखी कातडं सोलून नाही."

आत खुर्चीवर एक जाडजूड गिऱ्हाईक होतं, एका गालावर फेस. "अहो, माझी अर्धी राहिलीय!" ते ओरडलं.

"अर्धी झालीय ना? तेवढ्यात मिरवून या," न्हावी म्हणाला. तोवर त्यानं आरसा भिंतीवरून उतरवलाही होता. दुपारचा धंदा नसतो, माणसाला करमणूक हवी असते. आरसा जड, दोघांनी धरायचा. गिऱ्हाईकाला कळलं की आरसा परत गेल्याशिवाय आपली दाढी होणार नाही. ते फेसासकट बाहेर आलं आणि त्यानं आरशाची दुसरी बाजू धरली.

डावरीनं त्यांना चौकात उभं केलं, भिंतीच्या अगदी रेषेत, म्हणजे कवडसा भिंतीवर समोरून न आदळता लांबून घासत जाईल. मी समोरच्या भिंतीला शिडी लावून दाबून धरली. ती वर चढली.

"डावीकडे! अजून! आता वर... थांबा!"

कवडसा भिंतीवर लांबट पसरला. आणि भिंत जागी झाली. मला दुसरा शब्द सुचत नाही. वरपासून खालपर्यंत रेघा उठल्या, एका दमातल्या, कुठे सांधा नाही. आणि प्रत्येक रेघेच्या डाव्या टोकाला शेपटी. मी त्याच टोळीत होतो, त्याच हिवाळ्यात शेजारची भिंत भरत होतो. ते काम एवढं चांगलं होतं हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात उजेड थरथरायला लागला. न्हाव्यानं काहीतरी विनोद केला होता आणि फेसवालं गिऱ्हाईक गदागदा हसत होतं.

"हसू नका हो!" डावरी वरून ओरडली. "ऊन हलतंय!"

त्यावर ते दोघं आणखी हसले. शेवटी गिऱ्हाईकानं ओठ चावून धरले, फेस ओघळून सदऱ्यावर आला, पण आरसा स्थिर राहिला. डावरीनं श्वास रोखला आणि दाबलं. शिडी पुढे सरकवली, पुन्हा दाबलं. रोल संपेपर्यंत ती त्या भिंतीवरच राहिली.

खाली उतरल्यावर तिनं दोघांना हात जोडले. गिऱ्हाईक म्हणालं, "ते राहू द्या. माझी उरलेली दाढी तुम्ही करा. तुमचा हात याच्यापेक्षा बरा दिसतोय."

मुलाखतीला मिस्त्री, मी आणि ती गेलो. आम्हाला दोघांना दाराशी बाकावर बसवलं. दार उघडंच होतं. टेबलामागे एक इंजिनिअर बाई आणि एक म्हातारा मुकादम. डावरीनं फोटो पुढे ठेवले. शेपट्यांचं थोडक्यात सांगितलं.

बाईंनी कोठाराच्या भिंतीचा फोटो उचलला. बराच वेळ पाहिला. मुकादमाकडे दिला. तो डावरीला म्हणाला, "रेघ सुंदर आहे. पण बाई, शेपट्या उजवीकडे आहेत. हे उजव्या हाताचं काम आहे."

मिस्त्रीनं माझं मनगट पकडलं.

माझ्या नंतर लक्षात आलं. कॅमेरा उलटा होता. नुसत्या दगडी भिंतीच्या फोटोत वर कुठलं आणि खाली कुठलं हे स्टुडिओवाल्याला कसं कळणार? फोटो मुकादमाच्या हातात जसा आला तसाच त्यानं धरला.

डावरीनं हात पुढे करून फोटो फिरवला. "मी कॅमेरा उलटा धरते," ती म्हणाली. "हे असं बघा."

"फिरवला की काय, कुठलीही शेपटी डावीकडे जाईल," मुकादम म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

डावरी फोटोवर वाकली. आम्हाला तिची पाठच दिसत होती. मग तिनं एका दगडाखाली बोट ठेवलं. "इथं चुना ओला असताना ओघळ आलाय. मी पुसला होता, थोडा राहिला. ओघळ खाली जातो. वर नाही चढत."

बाई आणि मुकादम दोघंही वाकले. मग बाईंनी त्या भिंतीचे बाकीचे फोटो उचलले आणि एकेकाचा ओघळ शोधून तो खाली येईल असा लावायला लागल्या. मुकादमानं चष्मा काढून पुसला. "चांगल्या गवंड्याचा एवढासा ओघळ चालतो," तो म्हणाला.

"नाही चालत," डावरी म्हणाली. "पण तेव्हा मी नवी होते."

मग तिला कचेरीच्या मागच्या अंगणात नेलं. मागचं दार उघडं होतं, त्यामुळे बाकावरून आम्हाला सगळं दिसत होतं. एक पडकी भिंत होती. चुना दिला. तिनं आधी तो चिमटीत घेऊन पाहिला आणि म्हणाली, "यात पाणी जास्त झालंय." थोडा घट्ट चुना घालून पुन्हा ठोकून घेतला, स्वतः, साडीचा पदर खोचून, मुलाखत अर्ध्यावर असताना. मग रेघ ओढली. मुकादमानं फोटो रेघेशेजारी धरला. त्यानं एवढंच विचारलं, "सोमवारपासून येणार ना?"

"पाटी घेऊन की थापी घेऊन?"

"थापी घेऊन, मिस्त्रीबाई."

बाकावर मिस्त्री मला म्हणाला, "संपलं. आता घरात मी बिगारी." आणि खोकला येईपर्यंत हसला.

त्यानंतर ती तिथे निवृत्त होईपर्यंत राहिली. पहाटे चारला उठणं सुटलं नाही. चुना दुसरे मळायचे तरी ती आधी जाऊन तपासायची. तिच्या हाताखाली दोन बायका तयार झाल्या, दोघी उजव्या हाताच्या. त्यांना ती सांगायची, "माझं बघून करू नका, उलटं होईल. ऐकून करा." सुट्टी तिनं फार कमी वेळा घेतली. पगारातलं जे उरलं ते तिनं हात न लावता बाजूला ठेवलं. सासू विचारायची, "एवढं साठवून कुठं नेणार?"

शेवटी तिनं दोन खोल्या घेतल्या. तोवरचं घर भाड्याचं, चौथ्या मजल्यावर, जिना उभा. दम्यामुळे मिस्त्री आठवड्यातून एकदा खाली उतरायचा आणि सासू तर सणावाराशिवाय नाही. दलालानं तिला तिसऱ्या मजल्यावरच्या छान हवेशीर खोल्या दाखवल्या. त्या स्वस्त होत्या. त्यानं खूप समजावलं.

डावरी म्हणाली, "आयुष्यभर चढले. आता नाही."

तिनं तळमजला घेतला. महाग पडला, पण घेतला. दाराला एकही पायरी नाही. मिस्त्री सकाळी रस्त्याच्या कडेला जाऊन चहा पिऊन येतो. सासू दारातच खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही बोलते.